हनुवटी

बसचा ड्रायव्हर डोळे तपासायच्या तक्त्याची शेवटची ओळसुद्धा बिनचूक वाचून बाहेरच्या बाकावर जाऊन बसला, आणि काचेचं दार लागल्या लागल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक गल्ल्यामागून म्हणाले, "बाई, त्याने तक्ता नाही वाचला. तुमची हनुवटी वाचली."

तिला आधी ती थट्टाच वाटली. मालकांना थट्टेची खोडच होती. गिऱ्हाईक नसलं की ते फ्रेमांशीसुद्धा बोलत. पण आत्ता ते हसत नव्हते. "अहो, खरंच. तो एक अक्षर म्हणतो आणि थांबतो. बरोबर असलं की तुमची हनुवटी अशी खाली येते. एवढीशीच." त्यांनी स्वतःची हनुवटी किंचित खाली आणून दाखवली. "चुकलं की येत नाही. मग तो दुसरं अक्षर म्हणतो. मी मघापासून बघतोय. मला वाटलं, मुद्दाम करताय की काय." मुद्दाम? चष्म्याचे नंबर काढण्यात तिचा हात कोणी धरू शकणार नाही, असं हेच मालक चार लोकांत सांगायचे. अंधाऱ्या खोलीतली ती उंच खुर्ची, नाकावर बसणारी जड फ्रेम, त्यात एकामागून एक सरकवायच्या काचा, 'आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं', हे सगळं तिला झोपेतून उठवलं असतं तरी जमलं असतं. तिने हातातली काच पुसली. मग पुन्हा पुसली. मालकांनी ड्रायव्हरला आत बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि तिला म्हणाले, "तुम्ही यांच्या मागे उभ्या राहा." ती मागे जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर वरच्या ओळी वाचत खाली आला आणि मध्येच अडकला. घसा खाकरला. डोळे बारीक केले. "मघाशी तर दिसत होतं," तो म्हणाला आणि तिला शोधायला मान वळवू लागला. तो खोटं बोलत नव्हता, हे तिला तेव्हाच कळलं. नंबर लपवणारी माणसं तिने ढिगाने पाहिली होती. तक्ता पाठ करून येणारी, झाकलेल्या डोळ्याने बोटांच्या फटीतून बघणारी. हा त्यातला नव्हता. त्याला खरोखरच दिसलं होतं. "मघाशी दिसत होतं हो बाई," तो पुन्हा म्हणाला, जवळजवळ रडवेला होऊन, "तुम्ही समोर होतात ना तेव्हा." मालकांनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं आणि नजर ठीक असल्याच्या सर्टिफिकेटचा कागद परत खणात ठेवला.

रस्त्यावर बस घेऊन फिरणाऱ्या माणसाला समोरचं नीट दिसत नाही ही भीती वाटायला हवी होती, ती नंतर वाटलीही, पण आत्ता तिच्या डोळ्यांसमोर खारू उभी होती. खारू म्हणजे तिची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून ते नाव पडलं होतं. पहिलीच्या बाईंनी बोलावून सांगितलं होतं, की बाकीची मुलं बारके बारके शब्द नजर पडताच म्हणून मोकळी होतात, 'आणि', 'पण', 'मग', 'इथे', 'आता', 'नको', आणि ही नुसती बघत राहते. "हे शब्द अक्षर अक्षर लावत बसायचे नसतात," बाई म्हणाल्या होत्या. "दिसला की ओळखायचा. घर, मांजर, त्यांचं चित्र तरी काढता येतं. 'पण'चं चित्र कुठून आणणार? ते नजरेतच बसायला हवेत. घरी घ्या करून. मात्र पाटी घेऊन बसवू नका हं, खेळवा." आणि ती खेळवायला लागली. ती कुठलंही काम अर्धवट करणाऱ्यातली नव्हती. पुठ्ठ्याची कार्डं कापली, जाड काळ्या पेनाने त्यांवर शब्द लिहिले, जमिनीवर पसरले. ती शब्द सांगणार, खारू उडी मारून त्यावर उभी राहणार. कधी मोज्यांचे गोळे करून शब्दावर नेम धरायचा, कधी माशा मारायच्या जाळीने शब्दाला फटका द्यायचा. कधी कार्डं पलंगाखाली, चपलांच्या कपाटात, उशीच्या अभ्र्यात लपवायची आणि 'नको' शोधून आण म्हणायचं. घर म्हणजे नुसता धुडगूस झाला होता. आणि खारूला येत होतं. सगळं येत होतं. उड्या चुकत नव्हत्या, गोळे चुकत नव्हते. फक्त शाळेत काही केल्या तोंड उघडत नाही, असं बाई सांगायच्या, आणि ती म्हणायची, लाजते हो, घरी बघा एकदा. उद्या सकाळी बाई खारूला समोर बसवून शेवटचं तपासणार होत्या. आलं तर आलं, नाही तर पुन्हा त्याच वर्गात, पुढच्या वर्षीच्या लहान मुलांबरोबर.

प्रत्येक उडीआधी खारू तिच्याकडे बघायची. हे काही आजच आठवलं असं नाही. हे तिला पहिल्यापासून माहीत होतं आणि आवडायचं. "किती गोड बघते रे माझ्याकडे, उडी मारायच्या आधी," असं तिने नवऱ्याला कौतुकाने सांगितलंही होतं. आता दुकानात उभं राहून तिला ते बघणं एकेक करून आठवू लागलं, आणि एकही उडी अशी सापडेना जिच्याआधी ते नव्हतं. खारू एका पायावर उभी. नजर कार्डांवरून फिरते, मग वर येते, आईच्या तोंडावर थांबते, पुन्हा खाली जाते, दुसऱ्या कार्डाकडे, पुन्हा वर. मग उडी. मग शाब्बास. मोज्याचा गोळा हातात घेऊन खारू या शब्दावर धरायची, त्या शब्दावर धरायची, 'हे? हे?' असं नुसतं हाताने विचारत, आणि आपण समोर गुडघ्यांवर बसून जीव मुठीत धरून बघत असायचो. आपण काय काय करत असू? हनुवटी तर होतीच. भुवया असतील. श्वास असेल, बरोबर शब्दाशी पोचली की आपण श्वास सोडत असू, आणि पोरीला तो ऐकू जात असेल. चष्म्याच्या दुकानात आरशांना तोटा नाही. ती वळली तिथे तिला आपलं तोंड दिसत होतं, फ्रेमांच्या ओळींमधून, अर्धं, पाऊण, तिरकं, आणि प्रत्येक आरशातली हनुवटी तिच्या वडिलांची होती.

वडील कधी ओरडले नाहीत. हात तर त्यांनी जन्मात कोणावर उगारला नाही. लोक म्हणायचे, किती शांत माणूस. ते गप्प व्हायचे, एवढंच. एकदा गप्प झाले की घर त्या गप्पपणाभोवती पायांचा आवाज न करता फिरायचं, आणि तो कशामुळे आला आणि कशामुळे जाईल हे कोणालाच माहीत नसायचं, त्यांनाही नसावं. ती बाहेरून येणाऱ्या पावलांवरून ओळखायची. किल्ली टेबलावर ठेवली की टाकली, यावरून ओळखायची. जेवताना मान खाली घालून, पापण्यांच्या आडून त्यांचा जबडा बघायची. तो चावताना मध्येच थांबला की आपलं काहीतरी चुकलं. मग आईला पाणी हवं का विचारायचं, भावाला पायाने ढोसायचं, शाळेतला विनोद सांगायचा किंवा लगेच गप्प बसायचं, यातलं काय ते त्या जबड्यावरूनच ठरायचं. त्यात ती इतकी तरबेज झाली, की आई तिला पुढे पाठवायची. बघून ये गं, कसे आहेत. आणि ती दाराच्या फटीतून बघून येऊन सांगायची, बरे आहेत, जा. खारू झाली तेव्हा तिने मनाशी ठरवलं होतं, की माझ्या पोरीला असं कधी ओळखत बसावं लागणार नाही. मी चिडले तर चिडले म्हणेन. खूश झाले तर शाब्बास म्हणेन. आणि ती म्हणत आली होती, मोठ्याने, स्वच्छ शब्दांत. इतकं सांभाळून शेवटी पोरगी नेमकं तेच शिकली होती.

घरी जाताना तिने स्वतःची समजूत घालून पाहिली. एका ड्रायव्हरवरून पोरीवर येणं म्हणजे कहरच. आणि खारू कार्डांकडे बघतेही, तेही आठवतंय. वाटेत सिग्नलला थांबलेल्या गर्दीत तिच्या लक्षात आलं, की कोणीही दिव्याकडे बघत नव्हतं. पुढचा पाय उचलला की मागचे निघत होते. ती मुद्दाम थांबली, दिव्याकडे बघितलं आणि मग निघाली, आणि मागच्या बाईने 'चला ना' म्हणून तिला ढोसलं. तिला वाटलं, आता हे असंच होणार. आता मला जिकडे तिकडे तेच दिसणार. घराचा जिना चढताना खारूचा आवाज ऐकू आला, गाण्याचा, आणि ती पायरीवरच थांबली. पोरीचा आवाज ऐकून थांबावं असं त्या आवाजात काही नव्हतं.

नवरा बेकरीत कामाला होता. उजाडायच्या आधी जायचा आणि दुपारी घरी येऊन पेंगत खारूला सांभाळायचा. तिने पर्स ठेवली आणि त्याला म्हणाली, "आज शब्दांचं तू घे."

"मी? मला कुठे येतं ते तुमचं उड्यांचं?"

"त्यात काय यायचंय? शब्द सांगायचा. तिने उडी मारली की बघायचं."

"अगं, जरा दम खा. उद्या काय विमान चालवायला लावणार आहेत का तिला? सहा वर्षांची पोर ती."

"घे ना रे. मी चहा टाकते." तिने कार्डं पसरून दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. चहा टाकला नाही. नळ गळत होता तो घट्ट बंद केला आणि दाराला कान लावून उभी राहिली.

"'पण'," नवऱ्याचा जांभईत बुडालेला आवाज आला. मग काहीच नाही. उडीचा आवाज नाही. "अगं, 'पण'. मार की उडी."

"बाबा, तू तिथे नको. इथे उभा राहा," खारू म्हणाली.

"का बरं?"

"आई इथे असते."

तो उठून त्या जागी गेला असावा. "बाबा, तू बघ ना माझ्याकडे."

"बघतोय की."

"असं नाही. आईसारखं बघ."

"आई कसं बघते?" त्याने हसत विचारलं. मग एक उडी. "हे?" तिने विचारलं.

"ते मला काय विचारतेस? तूच सांग."

दुसरी उडी. "हे?" तिसरी. "हे?" आवाज प्रत्येक उडीला बारीक होत होता. नवऱ्याच्या तोंडावरून कोणालाच काही कळायचं नाही. दिवसभर पिठात राहून ते तसं झालंय, अशी ती त्याची चेष्टा करायची. आता त्या तोंडासमोर पोरगी एका कार्डावरून दुसऱ्यावर उडत होती, घाईघाईने, हे, हे, हे, खेळताना उडते तशी नव्हे, तापलेल्या जमिनीवर पाय टेकवत नाहीत तशी. "आईला बोलाव ना," खारू शेवटी म्हणाली. तिने आतून दार उघडलं. उघडायचं नव्हतं, पण हात गेलाच. खारूने वर बघितलं, आणि तिचं सगळं अंग सैल पडलेलं इथूनही दिसलं. नजर एकदा कार्डांवरून गेली, एकदा आईच्या तोंडावर आली, आणि खारू सरळ उडी मारून 'पण'वर जाऊन उभी राहिली.

"बघ! येतं की तिला," नवरा म्हणाला. "उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

तिने त्याला स्वयंपाकघरात ओढून नेऊन सगळं सांगितलं, हलक्या आवाजात, ड्रायव्हरपासून. तो हसेल असं तिला वाटलं होतं, हसला असता तर बरं झालं असतं. तो गप्प झाला आणि तिने लगेच विचारलं, "चिडलास का?" "नाही गं. विचार करतोय," तो म्हणाला, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली, कारण हा प्रश्न ती त्याला रोज विचारायची, त्याला नुसती झोप आलेली असली तरी. "एका अर्थी पोरगी हुशारच म्हणायची," तो म्हणाला. "आणि बाई आईला आत बसू देतात म्हणालीस ना? मग जा की उद्या. बस कोपऱ्यात. एकदा वर्ग चुकला की चुकला." तो हे वाईट मनाने म्हणाला नव्हता. आणि तिने ते मनात केव्हाच म्हणून ठेवलं होतं, जिना चढतानाच. वर्गातली ती बुटकी खुर्ची, तिच्यावर आपण, मांडीवर हात, तोंडावर साधं हसू. बाई शब्द दाखवणार, खारू बाईंच्या खांद्यावरून बघणार, आणि हनुवटी आपलं काम करणार. कोणाला कळणार नाही. पुढच्या वर्गातही कळणार नाही कदाचित. मग तिला खारू मोठी झालेली दिसली, आपल्याएवढी, कुठल्याशा टेबलासमोर उभी, कुठल्याशा माणसापुढे, काय म्हणायचंय ते ओठांवर असूनही त्याची हनुवटी हलायची वाट बघत. त्या माणसाचं तोंड तिला दिसेना. "नाही," ती म्हणाली. "मी नाही जाणार आत." "मग?" नवऱ्याने विचारलं. मग काय ते तिलाही ठाऊक नव्हतं. तो थोडा वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि मग आत जाऊन आडवा झाला.

बाहेर अंधार पडला होता. दिवा लावून ती खारूच्या समोर बसली, आणि बसल्या बसल्या खारूची नजर तिच्या तोंडावर येऊन टेकली. इतके दिवस ती या नजरेने विरघळायची. आता तिला तिची भीती वाटली. पोटच्या पोरीच्या डोळ्यांची. आपण घाबरलोय हे हिला आत्ता दिसतंय, नक्की दिसतंय, आणि का ते कळत नाही, म्हणून ही आपलं काय चुकलं ते शोधतेय. "मी चुकले का?" खारूने विचारलंच. "नाही गं सोन्या. आपण आज वेगळं खेळू. मी तिकडे तोंड करणार." ती खिडकीकडे वळून बसली. "'मग'," तिने सांगितलं. पावलं, थबकणं, मग उडी, आणि खारू आनंदाने ओरडली, "आलं!" ती चमकून म्हणाली, "कसं गं ओळखलंस?" आणि खारू म्हणाली, "तू काचेत दिसतेस ना." खिडकीच्या काळ्या काचेत दिवा होता, कार्डं होती, आणि सगळ्यांच्या पुढे तिचं स्वतःचं तोंड होतं. तिला तिथेच रडू येणार होतं, पण तेही दिसलं असतं.

ती उठली. कार्डं गोळा केली आणि खारूच्या हातात दिली. "तूच मांड. तुला हवी तशी. मी बघणार नाही." खारूला गंमत वाटली, मांडायचा मान नेहमी आईचा असायचा. ती स्वतः भिंतीशी जाऊन जमिनीवर बसली, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेतले आणि त्यांत डोकं खुपसलं. डोळे मिटले. मागे पुठ्ठे जमिनीवर ठेवल्याचे आवाज येत होते, इकडे एक, तिकडे एक, एक पार दाराशी. कुठलं कुठे आहे हे तिला आता ठाऊक नव्हतं. मला ठाऊकच नसेल तर माझं अंग काय सांगणार, असं ती स्वतःला सांगत होती, आणि तरी खांदे आवळून धरत होती, न जाणो. "झालं!" खारू म्हणाली. "'पण'," ती गुडघ्यांत म्हणाली.

खारूचा श्वास ऐकू येत होता. ती मागून जवळ आली, वाकून आईचं तोंड कुठून दिसतंय का बघू लागली. तिचे केस आईच्या कानाला लागले. आईने डोकं आणखी खाली घातलं. ही आता रडेल, तिला वाटलं. रडली तर मी वळेन. मला नाही जमणार. एवढीशी पोर, उद्या सकाळी त्या बाईंपुढे बसायचंय तिला, आणि मी आज तिच्याकडे पाठ करून बसलेय, माझे वडील गप्प बसायचे तशी. वळावं. एकदाच वळावं आणि शाब्बास म्हणावं. केस कानापासून दूर गेले. पावलं लांब गेली. मग एक उडी पडली, दाराच्या बाजूला.

"हे?" खारूने विचारलं.

"मला माहीत नाही."

"खोटं!"

"खरंच नाही गं. मी बघितलंच नाही."

खारू गप्प झाली. आई म्हणून तिला जे जे ठाऊक होतं त्यात हा गप्पपणा कुठे बसत नव्हता. तो रडण्याच्या आधीचा नव्हता, रुसण्याचा नव्हता. तिला भीती वाटत होती, दुपारपेक्षा जास्त. "मग सांगणार कोण?" खारूने विचारलं. पुठ्ठा जमिनीवर घासल्याचा आवाज आला, पाय बाजूला घेतल्यासारखा. बराच वेळ पुन्हा काहीच नाही.

"हे नाहीये," खारू म्हणाली. आवाजात थोडं आश्चर्य होतं. "हे 'नको' आहे. माझं चुकलं." आणि आईकडून काही येण्याची वाट न बघता ती दुसऱ्या कार्डाकडे गेली.

तिने डोकं वर केलं नाही. गुडघ्यांवर ओठ दाबून धरले आणि पुढच्या उडीची वाट बघत बसून राहिली.